गाठ मारायची की ताव द्यायचा? शस्त्रक्रियेचा दोरा आणि विरघळणारी पिन उष्णतेने सांधण्याचा बाकावरचा सराव

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ गल्लीत, पटवेकऱ्याकडे साज गाठवायला दिला असेल, तर त्याची शेवटची हालचाल आठवा. गाठ मारून झाली की तो उदबत्तीचं टोक नायलॉनच्या दोऱ्याला लावतो, दोऱ्याची बारीक गोळी होते आणि गाठ मागे सरकत नाही. आमच्याकडे प्रोजेक्टसाठी येणारी मुलं हेच डोक्यात घेऊन येतात: दोरा वितळवला की तो सांधला. तसं होत नाही. पटवेकऱ्याची गोळी ही अटक आहे, भार गाठच घेते. भार सांध्यानेच घ्यायचा असेल तर काम पार बदलतं.

मी उद्यमनगरात प्लास्टिकचे साचे करतो. या भानगडीत पडलो एका हाडांच्या डॉक्टर मित्रामुळे. खांद्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना गाठ बाहेर बांधायची आणि नळीतून आत ढकलत न्यायची. दोरा गुळगुळीत आणि स्प्रिंगसारखा उसळणारा, त्यामुळे वेढे जास्त मारावे लागतात, मग गाठीचा टणक गठ्ठा होतो आणि टोकं टोचतात. शिवाय दोरा तुटतो तो बहुतेक वेळा गाठीपाशीच. "तुम्ही प्लास्टिक सांधता, मग हे का नाही?" असं त्याने विचारलं. जगात हे झालेलं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉयचे अस्थिशल्यविशारद पीटर बोनुटी यांच्या नावावर उष्णतेने सांधायच्या इम्प्लांटची आणि दोऱ्यांची बरीच पेटंट आहेत. जर्मनीच्या केएलएस मार्टिन कंपनीची सोनिकवेल्ड पद्धत चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांवर विरघळणाऱ्या पट्ट्या बसवायला वापरतात. तिथे पिन ठोकत नाहीत की पिळत नाहीत, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मऊ करून हाडात शिरवतात.

खाली दिलंय ते बायोमेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी आणि हात बसवू पाहणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी. यातलं काहीही माणसाच्या किंवा जिवंत जनावराच्या अंगात जाणार नाही, हे आधी मान्य करा, मगच पुढे वाचा.

आधी दोरा ओळखा

सगळे दोरे वितळत नाहीत. रेशीम वितळत नाही, करपतं; केसासारखा वास आला की ओळखायचं. निळा एकपदरी पॉलिप्रोपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतो. नायलॉन ६ सुमारे २२० ला, नायलॉन ६६ सुमारे २६० ला. पॉलिएस्टरही २५० च्या पुढे, पण तो बहुधा वेणीचा असतो आणि वेणीत हवा अडकते, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. विरघळणाऱ्यांपैकी पॉलिडायऑक्झॅनोन १०५ ते ११० च्या आसपासच वितळतो. त्यामुळे तो सोपा वाटतो, पण तो ओल धरतो, पाकीट फोडल्यापासून घड्याळ सुरू.

सरावाला निळा पॉलिप्रोपिलीन घ्या, १ नंबरचा. त्याचा व्यास ०.४० ते ०.४९९ मिमी असतो, डोळ्यांना दिसतो आणि हाताला सापडतो. मुदत संपलेली पाकिटं ओळखीच्या दवाखान्यात मागितली तर मिळतात, फक्त त्यावर 'सरावासाठी, वापरू नये' असं ठळक लिहून वेगळ्या डब्यात ठेवा. रंकाळ्यावर गळ टाकणाऱ्यांची तंगूस स्वस्त पडते हे खरं, पण ती बहुधा नायलॉनची असते, तिचं तापमान वेगळं आणि तीही ओल धरते. दोन्ही एकाच डब्यात ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी निकाल का बदलले याचा शोध घेत बसाल.

ताव कुठे द्यायचा, हा खरा प्रश्न

दोरा करताना प्लास्टिक ओढून ताणतात. त्या ताणण्याने रेणूंच्या साखळ्या दोऱ्याच्या लांबीत सरळ लागतात आणि त्याची ताकद तिथूनच येते. दोरा आरपार वितळला की साखळ्या पुन्हा गुंतागुंत होऊन बसतात. दिसायला सांधा छान, चकचकीत, पण तो भाग आता साध्या प्लास्टिकचा. दोऱ्यापेक्षा कितीतरी नरम. म्हणून फक्त कातडी वितळली पाहिजे आणि गाभा थंड राहिला पाहिजे.

वेळेचा हिशेब यातूनच निघतो. पॉलिप्रोपिलीनमध्ये उष्णता पसरण्याचा वेग सुमारे ०.१ चौरस मिमी प्रति सेकंद. किती खोल गेली हे ढोबळमानाने काढायचं तर वेग गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ. पाव सेकंदात सुमारे ०.१६ मिमी. एक सेकंदात ०.३२ मिमी. आपला दोरा जेमतेम ०.४५ मिमीचा आहे! सोल्डरिंग इस्त्री दोऱ्याला टेकवून "एक, दोन" मोजेपर्यंत खेळ खलास. शस्त्रक्रियेसाठी अल्ट्रासाउंड निवडण्याचं कारणही हेच: घर्षण दोन पृष्ठभागांच्या मध्येच होतं, उष्णता तिथेच जन्मते आणि शेजारी पसरायच्या आत काम संपतं.

आपल्याकडे तसलं यंत्र नाही. पण कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं बंद करायला बचत गटाच्या बायका जे हाताने दाबायचं सीलिंग मशीन वापरतात, ते आहे. त्यात नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) पट्टी क्षणभर तापते, विझते, आणि दांडा दाबून धरला तर माल दाबाखालीच थंड होतो. नेमकं तेच आपल्याला हवंय.

हत्यार तयार करणं

पट्टी ८ मिमी रुंदीची असलेलं मशीन शोधा. रुंदी का, त्याचं गणित करू. अमेरिकन फार्माकोपिया या औषधांच्या आणि दोऱ्यांच्या निकषांच्या ग्रंथानुसार १ नंबरच्या न विरघळणाऱ्या कृत्रिम दोऱ्याने गाठीसकट सरासरी किमान २.७२ किलोचा ओढ सोसला पाहिजे, म्हणजे सुमारे २६.७ न्यूटन. दोन दोरे शेजारी ठेवले की वितळलेली कातडी त्यांच्या मधल्या फटीत भरते. त्या भरावाची रुंदी ०.२ मिमी धरू आणि त्याची सरक-ताकद (दोरे एकमेकांवरून सरकू न देण्याची ताकद) प्रति चौरस मिमी २० न्यूटन धरू. तर एक मिमी लांबीला ४ न्यूटन, आणि २६.७ ला भागून जवळपास ७ मिमी. दोरे पट्टीला आडवे टाकले की पट्टीची रुंदी हीच सांध्याची लांबी होते. म्हणून ८. दोन मिमीच्या पट्टीवर गाठीशी बरोबरी करायला जाऊ नका.

आता पितळी दाबपट्टी. मशीनच्या वरच्या दांड्याला रबर असतं, त्याने दाबलं की गोल दोरे दोन बाजूंना पळतात. रबराच्या जागी १० मिमी रुंदीची पितळी पट्टी बसवा आणि तिला ०.८५ मिमी रुंद, ०.३५ मिमी खोल चर पाडून घ्या. दोन दोरे मिळून ०.९ च्या आसपास होतात, म्हणजे चरात ते एकमेकांना खेटून बसतात. माझ्या शेजारच्या मिस्त्रींनी ड्रॉइंग बघून विचारलं, "दोरा चिकटवायला एवढं पितळ कशाला ओ?" पितळ उष्णता ओढून घेतं म्हणून. खालून नायक्रोम तापवतं, वरून पितळ गार ठेवतं, आणि दोऱ्याचा वरचा अर्धा भाग ताणलेला, ताकदवान राहतो. चराच्या कडा मात्र बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्याच. आमची पहिली पट्टी धारदार कडांची होती आणि आठवडाभर आम्ही सांध्याला शिव्या घालत होतो. दोष कडेचा होता, ती प्रत्येक दोऱ्याला ओरखडा काढत होती.

नायक्रोमवर मशीनची टेफ्लॉन पट्टी शाबूत हवी. ती काळी पडली की बदला. खूप तापलेल्या टेफ्लॉनचा धूर घातक असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि पट्टी कधीही सलग तापवू नका. आणि 'बघूया तरी' म्हणून पीव्हीसीची नळी किंवा वायरचं कव्हर त्यात घालू नका, हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते.

मशीनच्या बटणाला भाव लावणं

या मशीनच्या बटणावर १ ते ८ आकडे असतात, पण ३ म्हणजे किती अंश हे कोणी सांगत नाही. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, लावता येतं, मात्र इतक्या छोट्या झटक्यात जाड तारेचं थर्मोकपल मागे पडतं आणि खोटा, कमी आकडा दाखवतं. आम्ही त्यापेक्षा घरगुती युक्ती वापरतो. गोकुळच्या दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून तिची पट्टी कापा; ती पॉलिथिलीनची, सुमारे ११० ते १२५ अंशांत वितळते. नव्या शर्टाची कडक, चुरचुरणारी पिशवी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे आपल्या दोऱ्याच्याच जातीची. बटण सर्वात खाली ठेवून एकेक घर वर जा. आधी दुधाची पिशवी चिकटेल, मग काही घरांनंतर शर्टाची. शर्टाची पिशवी ज्या घराला पहिल्यांदा पक्की चिकटली, तिथून अर्धं घर पुढे, ही तुमची सुरुवात. दोन झटक्यांत निदान एक मिनिट जाऊ द्या, नाहीतर पट्टी आधीच गरम राहते आणि पाचवा सांधा पहिल्यापेक्षा जास्त ताव खातो.

सांधा, एकेक हालचाल

हात धुवा, दोरा स्पिरिटने पुसून वाळवा. बोटांचं तेल हा सांध्याचा वैरी आहे, आणि दुपारी तांबडा रस्सा ओरपून आलेल्या मुलांना हे दोनदा सांगावं लागतं.

१० मिमी व्यासाच्या गुळगुळीत सळीभोवती दोरा फिरवा आणि दोन्ही टोकं विरुद्ध दिशांनी एकमेकांशेजारी आणा. दोन्ही टोकं एकाच बाजूला काढलीत तर ओढताना सांधा सोलला जातो, आणि सोलण्याला प्लास्टिकचा सांधा फार लवकर हार जातो. विरुद्ध दिशांनी ठेवली की भार सरकेचा पडतो. बंद पाकीट कोपऱ्यातून सोलून उघडणं आणि दोन्ही बाजूंनी ताणून फाडणं, यात जो फरक आहे तोच इथे.

टोकांना चिमटे लावून हलका ताण द्या, दोरे पितळी चराखाली येतील असे बसवा आणि भिंगातून पाहा. एकमेकांवर चढलेले असतील तर पुन्हा. दांडा खाली आणा. झटका बसेल, दिवा विझेल.

आणि आता काही करू नका. दिवा विझल्यावर मनात सावकाश दहा मोजा, दांडा दाबलेलाच ठेवून. आमच्याकडे वाया गेलेल्या सांध्यांपैकी सर्वाधिक इथेच गेले: दिवा विझला की हात आपोआप उठतो. वितळलेलं प्लास्टिक गोठताना आकसतं. दाब नसेल तर फटीतला भराव आतून पोकळ राहतो आणि ताणलेला दोरा उष्णतेने मागे आखडून सांध्याला वाकडा करतो. शेतावर एचडीपीई पाइपलाइन जोडणारे फिटर बघा: तवा काढला, दोन्ही तोंडं भिडवली, की बिडी ओढून होईपर्यंत क्लॅम्प सैल करत नाहीत. त्यांना कोणी रेणू शिकवलेले नसतात.

मग दांडा उचला, शेपट्या सांध्यापासून १ मिमी ठेवून कापा आणि लगेच लेबल लावा: बटणाचं घर, तारीख, क्रमांक.

तुटल्यावर वाचायचं

बटणाच्या एका घराला निदान दहा फासे, म्हणजे सळीभोवती सांधलेल्या दोऱ्याच्या कड्या, करा, आणि तेवढेच गाठीचे: सर्जन्स नॉट (पहिला वेढा दुहेरी असलेली गाठ) आणि वर पाळीपाळीने उलटसुलट चौकोनी वेढे. गाठी डॉक्टरांनी माराव्यात. इंजिनियरने मारलेल्या ढिल्या गाठीशी आपल्या सांध्याची तुलना करून खूश होणं ही लबाडी आहे.

दोन सळ्या, एक शिकंजात धरलेली आणि एक सामान तोलायच्या डिजिटल काट्याला अडकवलेली, एवढ्यावर काम होतं. सर्वोच्च आकडा धरून ठेवणारा काटा घ्या. हळू, एका गतीने ओढा. लक्षात ठेवा, फाशाला दोन पाय आहेत. काट्यावर ४ किलो दिसले तर दोऱ्यावर सुमारे २ किलोच आलेत. २.७२ शी तुलना करायची ती निम्म्या आकड्याची.

पण आकड्यापेक्षा तुटलेली जागा जास्त बोलते. दोन्ही दोरे अखंड, गुळगुळीत आणि सुटे झाले तर सांधा कच्चा: ताव कमी किंवा तेल. सांध्याच्या अगदी तोंडाशी दोरा तुटला आणि तिथे तो चपटा, पांढुरका दिसत असेल तर ताव जास्त झाला, गाभा वितळला. सांधा शाबूत राहून दोरा दुसरीकडेच तुटला तर शाबास, पण सळीपाशी तुटला का तेही बघा. तो सळीच्या ओरखड्याचा दोष असू शकतो. ही तिसरी जात दहात किती वेळा आली त्यावरून बटणाचं घर ठरवा. एखादा सांधा फार उंच आकडा देईल, त्याच्या प्रेमात पडू नका. दहापैकी सर्वात कमजोर कोण, हे विचारा. रुग्णाच्या खांद्यात नेमका तोच जातो, असं आमचे डॉक्टर म्हणतात.

एकदाच ओढून समाधान मानू नका. फाशाला १ किलोचं वजन लावून शंभर वेळा सावकाश उचला-सोडा, आधी आणि नंतर व्हर्नियरने लांबी मोजा. गाठींच्या अभ्यासात फासा ३ मिमी वाढला की तो निकामी धरतात, भले तुटलेला नसेना, कारण तेवढ्या फटीत स्नायूबंध हाडावरून सुटतो. गाठ इथे सरकत सरकत आवळते. चांगला सांधा सरकत नाही, तो टिकतो किंवा एकदम जातो, आणि यातलं काय बरं यावर आमचं आणि डॉक्टरांचं अजून भांडण चालू आहे. मला वाटतं, पूर्वसूचना न देता जाणाऱ्या जोडापेक्षा सरकणारी गाठ सर्जनला जास्त ओळखीची असते, आणि ओळखीच्या दोषाला माणूस सांभाळून घेतो.

दुसरा सराव: हाडातली पिन

याला थ्रीडी प्रिंटरची पॉलिलॅक्टिक ॲसिडची, म्हणजे पीएलएची, १.७५ मिमी तार लागेल, शक्यतो लाल. ही वैद्यकीय प्रतीची नसते, सरावापुरतीच. तार आधी ४५ ते ५० अंशांना पाच-सहा तास वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. ओली तार तापली की पाणी तिच्या साखळ्या तोडतं, सांध्यात बुडबुडे येतात आणि पिन काचेसारखी मोडते. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ही पायरी गाळायची सोय नाही.

हाड बोकडाचं, मांडीच्या गुडघ्याकडच्या टोकाचं, कारण तिथे आतून जाळीदार असतं. खाटकाकडून कच्चं आणा. पांढऱ्या रश्शातलं उरलेलं चालणार नाही, शिजल्यावर हाडातलं कोलॅजन निघून जातं आणि ते ठिसूळ होतं. लिटरला ९ ग्रॅम मिठाच्या पाण्यात ३७ अंशांवर ठेवा.

थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या पीएलए पट्टीला आणि हाडाला १.५ मिमीचं भोक पाडा. हाडातल्या भोकापासून २ मिमी अंतरावर दुसरं बारीक भोक पाडून त्यात थर्मोकपल बसवा. इथे झटका लांबचा असल्याने थर्मोकपल कामाचं. तारेचा तुकडा हातातल्या रोटरी टूलच्या चकमध्ये घट्ट धरा, बाहेर ५-६ मिमीच ठेवा, जास्त ठेवलात तर तो चाबकासारखा फिरून मोडतो. चष्मा घाला. टूल वेगात फिरवत पिन भोकावर टेकवा आणि सरळ दाबा. घर्षणाने टोक मऊ होतं, आत शिरतं, वर पट्टीशी जुळतं. आत गेली की टूल बंद करा आणि दाब तसाच धरून पंधरा मोजा. पहिल्या चार-पाच पिना पिळवटून वाया जाणार, मनाची तयारी ठेवा. अल्ट्रासाउंडमध्ये पिन फिरत नाही, फक्त कंप पावते, म्हणून तिथे ही पीडा नाही. शिवाय तिथल्या पिना अनेकदा अस्फटिकी (साखळ्या शिस्तीत न लागलेल्या) पॉलिलॅक्टाइडच्या, म्हणजे पीएलएच्याच जातीच्या, असतात, त्या वितळायची वाट न बघता ६० अंशांच्या आसपासच मऊ व्हायला लागतात.

थर्मोकपलवर डोळा ठेवा. १९८३ साली स्वीडनच्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या हाडावर दाखवलं की ४७ अंश तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते. म्हणून दोन आकडे लिहा: सर्वोच्च किती गेलं, आणि ४७ च्या वर किती सेकंद राहिलं. नुसत्या पहिल्या आकड्याने घाबरू नका, नुसत्या दुसऱ्याने निश्चिंतही होऊ नका.

शेवटी बारीक करवतीने हाड पिनच्या कडेने उभं कापा. लाल प्लास्टिक जाळीच्या छिद्रांत मुळांसारखं पसरलेलं दिसलं तर पिन धरली. भोकाच्या भिंतीला गुळगुळीत नळीसारखं चिकटलेलं असेल तर ती फक्त अडकलीय, काट्याने ओढून बघा, हाताला फरक कळेल.

बाकावरून पुढे

इथून दवाखान्याची वाट लांब आहे आणि ती लांबच असावी. घातलेली वस्तू निर्जंतुक करायची तर १२१ अंशांची ऑटोक्लेव्हची वाफ पीएलएला चालत नाही, ती मऊ होऊन आकार सोडते. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू, आणि मग तो वायू उरला नाही याची तपासणी. आयएसओ १०९९३ प्रमाणे शरीराशी जुळतं का ते तपासायचं, आयएसओ १३४८५ ची गुणवत्ता यंत्रणा, भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली परवाने आणि माणसांवरच्या चाचणीआधी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मंजुरी. एखाद्या मुलाने "सर, आपला सांधा गाठीपेक्षा भारी आला, आता पेशंटवर?" असं विचारलं की मी त्याला वही उघडायला लावतो आणि दहापैकी सर्वात कमजोर फाशाचा आकडा मोठ्याने वाचायला सांगतो.

हाडं उकळत्या पाण्यात टाकून मगच फेकायची आणि मुदत संपलेल्या सुया पंक्चर न होणाऱ्या डब्यात. डबा भरला की तो ज्या दवाखान्यातून पाकिटं आणली तिथेच परत द्या, घंटागाडीत नको.